आऊटबोर्ड इंजिनाची खरेदी आणि प्रोपेलरची निवड : पूर्णा खोऱ्यातील बचाव नौकांच्या संदर्भात

सारांश

पूरबचाव, मत्स्यव्यवसाय, जलपर्यटन आणि जलाशयांवरील गस्त या कामांसाठी लहान नौकांना आऊटबोर्ड इंजिने बसविली जातात. खरेदीच्या वेळी चर्चा होते ती इंजिनाची अश्वशक्ती, किंमत आणि हमी यांची. इंजिनाची शक्ती प्रत्यक्ष पाण्याला देणारा प्रोपेलर मात्र दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात व्यास, पिच, घसर, पात्यांची संख्या आणि धातू या घटकांचे स्पष्टीकरण केले असून, बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसर डोळ्यांसमोर ठेवून प्रोपेलर निवडीची कार्यपद्धती मांडली आहे. पूर्ण भारासह घेतलेली चाचणी हाच निवडीचा खरा निकष होय, हे लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : आऊटबोर्ड इंजिन, प्रोपेलर, पिच, घसर, पूरबचाव, पूर्णा नदी.

१. प्रस्तावना

शेगाव हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेले गाव. तेथे नौकेच्या इंजिनाचा विचार करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न सकृद्दर्शनी पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पूर्णा नदीत आहे. सातपुड्यात उगम पावलेली ही नदी अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत जाऊन जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते. तिचे खोरे सपाट असून जमीन काळी, चिकण व पाणी धरून ठेवणारी आहे. सातपुड्यातून उतरणारे नदीनाले एकाच वेळी भरून आले की पाणी पसरते आणि गावे वेढली जातात. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर व जळगाव जामोद या शेजारच्या तालुक्यांत झालेल्या अतिवृष्टीने याचा पुन्हा प्रत्यय दिला. अशा वेळी डांबरी रस्त्याचे महत्त्व संपते व नौकेचे सुरू होते.

दुसरे कारण भविष्याशी निगडित आहे. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर उभारण्यात येत असलेल्या जिगाव प्रकल्पात पूर्ण क्षमतेने पाणी साठल्यावर शेगाव परिसराच्या नजीक विस्तीर्ण जलाशय निर्माण होईल. मासेमारी, गस्त, प्रवासी वाहतूक या सर्व कामांसाठी तेथे यांत्रिक नौका लागतील. जिल्ह्यातील नळगंगा, पेनटाकळी यांसारख्या जलाशयांच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. बचाव साहित्याची सज्जता हा त्याच्या कार्याचा भाग आहे. नौका व इंजिने खरेदी करताना निविदेत अश्वशक्ती लिहिली जाते, परंतु ‘इंजिनासोबत योग्य प्रोपेलर’ एवढ्यावरच पुष्कळदा विषय संपतो. योग्य म्हणजे नेमका कोणता, हे ठरविणे हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. संक्षिप्त इतिहास

पाण्यात मळसूत्र फिरवून नौका पुढे ढकलण्याची कल्पना जुनी असली, तरी तिला व्यवहार्य रूप एकोणिसाव्या शतकात आले. फ्रान्सिस पेटिट स्मिथ व जॉन एरिक्सन यांनी १८३६ मध्ये स्वतंत्रपणे आपापल्या रचनांची एकस्वे मिळविली. १८४५ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘रॅटलर’ हे मळसूत्राचे व ‘अलेक्टो’ हे वल्हेचाकांचे अशी जवळपास समान शक्तीची दोन जहाजे एकमेकांना पाठीला पाठ लावून बांधली. दोन्ही पूर्ण शक्तीने चालविली असता रॅटलरने अलेक्टोला सुमारे अडीच नॉट वेगाने मागे ओढत नेले. शक्ती समान असूनही पाण्यावरील पकड वेगळी असल्यास फळ वेगळे मिळते, हा या प्रयोगाचा धडा होय. आजच्या इंजिन खरेदीलाही तो तंतोतंत लागू पडतो.

नौकेच्या मागील फळीवर बाहेरून अडकविता येणारे व काढून नेता येणारे इंजिन म्हणजे आऊटबोर्ड. ओल एव्हिनरूड यांनी १९०९ पासून अमेरिकेत अशा इंजिनांची विक्री सुरू केली आणि हा प्रकार लोकप्रिय झाला. कोकणात प्रोपेलरला ‘पंखा’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत.

३. व्यास, पिच आणि घसर

प्रोपेलरवर सामान्यतः दोन आकडे कोरलेले असतात. ‘११ × १२’ असे लिहिले असल्यास पहिला आकडा व्यासाचा व दुसरा पिचचा होय. दोन्ही इंचांत असतात. पात्यांची टोके फिरताना जे वर्तुळ आखतात त्याची रुंदी म्हणजे व्यास. पिच समजण्यासाठी लाकडात पिळला जाणारा स्क्रू डोळ्यांसमोर आणावा. स्क्रू एका फेऱ्यात जितका आत जातो तितके त्याचे पिच. बारा इंच पिचचा पंखा घन पदार्थात फिरला असता तर एका फेऱ्यात बारा इंच पुढे गेला असता.

परंतु पाणी हे लाकूड नव्हे. ते मागे सरकते आणि म्हणूनच नौका पुढे जाते. अपेक्षित अंतर व प्रत्यक्ष अंतर यांतील तफावतीला ‘घसर’ म्हणतात. उदाहरणादाखल, इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे घेत आहे व गिअर गुणोत्तर २ : १ आहे असे मानू. पंखा २,७५० फेरे घेईल. बारा इंच म्हणजे ३०.४८ सेंटीमीटर. यावरून सैद्धान्तिक वेग मिनिटाला सुमारे ८३८ मीटर, म्हणजेच ताशी सुमारे ५० किलोमीटर येतो. प्रत्यक्ष मोजलेला वेग ४२ असेल तर घसर सुमारे १६ टक्के झाली. पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या नौकेस एवढी घसर स्वाभाविक आहे.

आता हीच नौका माणसांनी भरली, इंजिनाचे फेरे ४,७०० वर आले आणि नौका पाण्यावर न उचलता पाणी ढकलत ताशी १४ किलोमीटरने चालू लागली असे समजू. पंख्याचा सैद्धान्तिक वेग ताशी ४३ किलोमीटर असताना प्रत्यक्षात १४ मिळतात. म्हणजे घसर दोन-तृतीयांशापर्यंत गेली. पंखा तोच, इंजिन तेच. बदलला तो केवळ भार.

व्यासाचा विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो. नौकेला मिळणारा रेटा हा दर सेकंदाला मागे फेकलेल्या पाण्याचे वस्तुमान व त्या पाण्याला दिलेला अतिरिक्त वेग यांच्या गुणाकाराएवढा असतो. थोडे पाणी फार वेगाने फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी कमी वेगाने फेकणे ऊर्जेच्या दृष्टीने किफायतशीर ठरते. यास्तव जड व संथ नौकेला मोठा व्यास आणि कमी पिच, तर हलक्या व वेगवान नौकेला त्या मानाने लहान व्यास आणि अधिक पिच अनुकूल असते. अर्थात इंजिनाच्या खालच्या भागात जेवढी जागा असेल तेवढाच व्यास बसविता येतो. त्यामुळे खरेदीदाराच्या हाती प्रामुख्याने पिचची निवड उरते.

४. इंजिन व प्रोपेलर यांचा मेळ

प्रत्येक इंजिनासाठी निर्माता पूर्ण थ्रॉटलवरील फेऱ्यांची एक मर्यादा ठरवून देतो. उदा. मिनिटाला ५,००० ते ६,००० फेरे. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिन या मर्यादेत आले पाहिजे, हा निवडीचा मूलभूत नियम होय. फेरे मर्यादेच्या खाली राहिले तर पंखा इंजिनाला जड आहे. वर गेले तर हलका आहे. पिच एका इंचाने वाढविले असता फेरे साधारणतः १५० ते २०० ने उतरतात व तेवढेच कमी केले असता चढतात.

एकाच पंख्याला फिरविण्यास लागणारी शक्ती, अन्य परिस्थिती समान असता, फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. फेरे १० टक्क्यांनी कमी झाले तर लागणारी शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी घटते. व्यासाचा परिणाम याहून तीव्र असून तो पाचव्या घाताचा आहे. व्यास केवळ ५ टक्क्यांनी वाढविला तर त्याच फेऱ्यांना सुमारे २८ टक्के अधिक शक्ती लागते. ‘थोडा मोठा पंखा बसला तर बिघडले कुठे?’ या प्रश्नाचे उत्तर या गणितात आहे.

जड पंख्यामुळे इंजिनाची स्थिती चढावर चौथ्या गिअरमध्ये अडकलेल्या मोटारीसारखी होते. थ्रॉटल पूर्ण उघडलेला, इंधन भरपूर, परंतु फेरे चढत नाहीत. ज्वलनकक्षातील तापमान व दाब वाढतो, कार्बन साचतो, पिस्टन व बेअरिंग यांचे आयुष्य कमी होते. याउलट फार हलक्या पंख्याने इंजिन मर्यादेबाहेर पळते आणि झीज वाढते. पहिला दोष अधिक धोकादायक मानावा, कारण तो कानाला जाणवत नाही. इंजिन शांत चालल्यासारखे वाटते आणि आतून झिजत जाते.

हवामानाचाही थोडा वाटा आहे. शेगाव परिसराची समुद्रसपाटीपासूनची उंची फार नसल्याने विरळ हवेचा परिणाम येथे किरकोळ असतो. तापमान मात्र विचारात घ्यावे लागते. ४५ अंश सेल्सिअसला हवेची घनता ३० अंशांच्या तुलनेत सुमारे ५ टक्के कमी असते. मे महिन्यात घेतलेल्या चाचणीत इंजिन पावसाळ्यापेक्षा किंचित अशक्त भासेल, हे ध्यानी ठेवावे.

५. भाराचा प्रश्न

पूरबचावाच्या नौकेची मूळ अडचण अशी की, तिला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. जाताना तिच्यात चालक व एक-दोन बचावकर्मी असतात. परतताना ती वृद्ध, स्त्रिया, मुले यांनी भरलेली असते. जाताना वेग हवा, परतताना रेटा हवा.

समजा, एका नौकेत दोन माणसे असताना इंजिन पूर्ण थ्रॉटलवर ५,७०० फेरे देते. निर्मात्याची मर्यादा ५,००० ते ६,००० आहे. चाचणी यशस्वी झाली असे वाटते. त्याच नौकेत दहा माणसे बसविली की फेरे ४,७०० वर येतात. इंजिनाचा टॉर्क जवळपास स्थिर मानला, तर ५,५०० फेऱ्यांवर मिळणाऱ्या शक्तीपैकी सुमारे १५ टक्के शक्ती येथे उपलब्धच होत नाही. ४० अश्वशक्तीचे पैसे मोजून ३४ अश्वशक्तीचे काम घेण्यासारखा हा प्रकार आहे आणि तोही नेमक्या संकटाच्या क्षणी.

पिच बारा इंचांवरून दहा इंचांवर आणले तर भरलेल्या नौकेत फेरे सुमारे ५,००० ते ५,१०० होतील. रिकाम्या नौकेत ते ६,००० ते ६,१०० पर्यंत जातील. म्हणजे जाताना थ्रॉटल किंचित आवरून धरावा लागेल आणि कमाल वेग अदमासे बारा टक्क्यांनी घटेल. हा तोटा पत्करण्याजोगा आहे. पुराच्या प्रवाहाचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर तो ताशी सुमारे ११ किलोमीटर होतो. भरलेली नौका १४ च्या वेगाने चालत असेल तर प्रवाहाविरुद्ध तिची प्रत्यक्ष प्रगती ताशी केवळ ३ किलोमीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाइतकी. येथे ताशी दोन-तीन किलोमीटरची भरही निर्णायक ठरते. रिकाम्या नौकेचे पाच-सहा किलोमीटर त्या मानाने गौण होत.

तथापि, योग्य पंखा म्हणजे अधिक माणसे भरण्याचा परवाना नव्हे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटका करून नेणारी नाव उलटून अनेक ग्रामस्थांचा मृत्यू झाला. अतिभार हा विषय त्यानंतर राज्यभर चर्चिला गेला. नौकेची क्षमता तिच्या बांधणीवर ठरते. पंखा त्या क्षमतेच्या आतच काम सुलभ करतो.

६. पात्यांची संख्या व धातू

बहुतेक आऊटबोर्ड इंजिनांवर तीन पात्यांचा पंखा असतो. वेग, कार्यक्षमता व किंमत यांचा तो मध्यम मार्ग आहे. चार पात्यांच्या पंख्याने कमी वेगातील पकड सुधारते, नौका लवकर उचलली जाते, वळणावर पंखा सुटत नाही आणि कंपने कमी होतात. कमाल वेग मात्र किंचित घटतो. तीनऐवजी चार पाती घेताना इंजिनावरील भार वाढतो. म्हणून पिच साधारणतः एका इंचाने कमी घेण्याची प्रथा आहे. भारवाहू बचाव नौकेसाठी चार पात्यांचा पर्याय अवश्य तपासून पाहावा.

धातूच्या बाबतीत ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील आणि संमिश्र प्लॅस्टिक असे तीन पर्याय आहेत. स्टीलची पाती पातळ असूनही वाकत नाहीत, त्यामुळे ती अधिक कार्यक्षम व दीर्घायुषी असतात. त्यांची किंमत मात्र ॲल्युमिनियमच्या अनेक पट असते. ‘महाग ते उत्तम’ हा समज येथे तपासून घेतला पाहिजे. पुराच्या पाण्याखाली कुंपणाचे दगड, विहिरीचे कठडे, विजेचे आडवे झालेले खांब दडलेले असतात. ॲल्युमिनियमचे पाते अशा धडकेत वाकते किंवा तुटते आणि धक्का स्वतः पचविते. स्टीलचे पाते तो धक्का पुढे गिअर व दांड्याकडे पोचविण्याची शक्यता अधिक असते. पंख्याच्या मध्यभागी रबराची बुशिंग, तर लहान इंजिनांत शिअर पिन, ही सुरक्षेची कडी असते. अडथळा आल्यास ती सरकते किंवा तुटते व गिअर वाचतो. गढूळ व अपरिचित पाण्यात चालणाऱ्या नौकेला ॲल्युमिनियमचा पंखा व सोबत एक जादा पंखा ही जोडी बहुधा अधिक शहाणपणाची ठरते. मालवण-तारकर्लीच्या परिचित, खोल पाण्यात रोज चालणाऱ्या पर्यटन नौकेचे गणित वेगळे असू शकते.

७. पोकळी, हवा आणि इंजिनाची उंची

पाते फार वेगाने फिरले की त्याच्या एका बाजूवरील दाब इतका घटतो की पाणी साध्या तापमानालाच वाफ होऊन बुडबुडे तयार होतात. ते फुटताना धातूवर खड्डे पाडतात. यास कॅव्हिटेशन म्हणतात. ‘टर्बिनिया’ या नौकेच्या चाचण्यांत चार्ल्स पार्सन्स यांना हाच अडथळा आला व त्यांनी १८९५ मध्ये त्याच्या अभ्यासासाठी जलबोगदा तयार केला. लहान नौकांवर मात्र पुष्कळदा दिसतो तो निराळा दोष होय. पृष्ठभागावरची हवा पंख्यात ओढली जाते, इंजिन एकाएकी ओरडते आणि नौका पुढे सरकत नाही. येथे पंखा बदलून उपयोग नसतो. इंजिन फळीवर फार उंच बसविलेले असते. छोट्या फळीसाठी सुमारे १५ इंचांचा आखूड दांडा व उंच फळीसाठी सुमारे २० इंचांचा लांब दांडा असे प्रकार येतात. फळीची उंची न मोजता दांडा मागविणे ही खरेदीतील टाळता येण्याजोगी चूक आहे.

८. पुराचे पाणी आणि पंखा

विदर्भातील पुराचे पाणी स्वच्छ नसते. त्यात पऱ्हाट्या, तुरीची खुंटे, ठिबकाच्या नळ्या, प्लॅस्टिक व कुंपणाची तार असते. तार किंवा नळी पंख्याला गुंडाळली गेली की इंजिन बंद पडते व भरलेली नौका प्रवाहाच्या स्वाधीन होते. म्हणून वल्ही, नांगर व दोर हे इंजिनाइतकेच आवश्यक साहित्य होय. पाना, कॉटर पिन, शिअर पिन व जादा पंखा नौकेतच असावेत, गोदामात नव्हेत.

बुडणारी व्यक्ती पंख्याजवळ येण्याचा धोका याहून गंभीर आहे. पंख्याभोवती संरक्षक कडे बसविता येते. त्याने पाण्याला अडथळा होऊन वेग घटतो. कडे बसवायचे ठरले असेल तर चाचणीही कड्यासहच घ्यावी, अन्यथा निवडलेले पिच चुकीचे ठरेल. कड्याच्या भरवशावर न राहता माणूस उचलताना इंजिन बंद करणे आणि चालकाने बंद-कळीची दोरी मनगटास बांधणे, ही शिस्त मात्र कोणत्याही कड्याहून मोलाची होय.

९. खरेदीची कार्यपद्धती

शासकीय खरेदीसाठी २०१६ मध्ये ‘जेम’ हे ई-बाजारपेठेचे व्यासपीठ सुरू झाले. मार्ग कोणताही असो, निविदेत पुढील बाबी स्पष्ट असाव्यात.

(१) नौकेचे वजन, पूर्ण भार, फळीची उंची व कामाचे स्वरूप लेखी नमूद करावे. केवळ अश्वशक्ती पुरेशी नाही.

(२) निर्मात्याची पूर्ण थ्रॉटल मर्यादा व गिअर गुणोत्तर पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. इंजिनासोबत टॅकोमीटर मागवावा. त्याविना पंख्याची निवड हा निव्वळ अंदाज ठरतो.

(३) जुने पंखे नव्या इंजिनास चालतील असे गृहीत धरू नये. दांड्यावरील खाचा, गिअर गुणोत्तर व फेऱ्यांची मर्यादा वेगळी असू शकते. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या जागी चार-स्ट्रोक घेताना हे विशेषत्वाने तपासावे.

(४) लगतच्या पिचचे किमान दोन पंखे चाचणीसाठी आणण्याची व चाचणीनंतर एक निवडण्याची अट असावी.

(५) चाचणी पूर्ण भाराने घ्यावी. माणसांऐवजी वाळूची पोती वापरावीत. दहा माणसांसाठी प्रत्येकी ७५ किलो धरल्यास ७५० किलो भार होतो. त्यातून प्रत्यक्ष बसलेल्या माणसांचे वजन वजा करावे.

(६) ठरावीक अंतर दोन्ही दिशांना कापून वेगाची सरासरी घ्यावी, जेणेकरून वारा व प्रवाह यांचा परिणाम निघून जाईल. फेरे, वेग, भार, पिच यांची नोंद करून ती इंजिनाच्या नोंदवहीत कायम ठेवावी.

(७) निवडलेल्या मापाचा एक जादा पंखा खरेदीतच समाविष्ट करावा.

या चाचणीस फार खर्च नाही. एक जलाशय, वाळूची काही पोती, टॅकोमीटर व उपग्रहाधारित वेगमापक एवढे पुरते. शेगाव येथे १९८३ पासून श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय कार्यरत आहे. अशा संस्थांतील यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा प्रकल्प देता येईल. विद्यार्थ्यांना घाताचे नियम पाण्यावर पडताळून पाहता येतील आणि प्रशासनास निःपक्ष नोंदी मिळतील.

१०. निष्कर्ष

प्रोपेलर हा इंजिनाच्या किमतीच्या तुलनेत अल्प खर्चाचा भाग आहे. परंतु त्याची निवड चुकली तर संपूर्ण इंजिनाचा खर्च अंशतः वाया जातो. निवडीचा पाया तीन गोष्टींवर उभा आहे : निर्मात्याने दिलेली फेऱ्यांची मर्यादा, नौकेचा प्रत्यक्ष भार आणि पाण्याचे स्वरूप. बचाव नौकेच्या बाबतीत भरलेल्या नौकेला अनुकूल असा कमी पिचचा पंखा निवडणे इष्ट होय, मग रिकाम्या नौकेचा वेग थोडा घटला तरी चालेल. कागदावरील अश्वशक्ती व पाण्यातील रेटा यांतील अंतर पुराच्या दिवशी समजण्यापेक्षा ते उन्हाळ्यातच, शांत जलाशयावर, वाळूची पोती भरून समजून घेतले पाहिजे.